क्लब विश्वचषक: वारी की सिंहस्थ?

24 जून 2025. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी आणि अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स समोरासमोर होते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ऑकलंडने आधीच्या दोन सामन्यांत 16 गोल पत्करले होते, बायर्न म्युनिककडून 10 आणि बेनफिकाकडून 6. उत्तरार्धात त्यांना एक कॉर्नर मिळाला आणि क्रिस्टियन ग्रे या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. सामना 1-1 असा सुटला. हा ग्रे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होता. त्याच्या संघातले बहुतेकजण नोकरीधंदा सांभाळून फुटबॉल खेळणारे. या स्पर्धेसाठी ते रजा टाकून आले होते, आणि काहींची रजा बिनपगारी होती.

फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाचा क्लब विश्वचषक चार वर्षांनी भरवावा की दोन वर्षांनी, हा वाद ऐकला की मला ही रजाच आधी आठवते. वाद वरवर प्रतिष्ठेचा, पैशाचा, परंपरेचा वाटतो. खोलात गेलं की तो शेवटी रजेपाशी येऊन थांबतो: कुणाची सुट्टी कापायची आणि कुणाची शिल्लक ठेवायची.

आधी ही स्पर्धा नेमकी काय आहे ते पाहू. देशांचा विश्वचषक सगळ्यांना माहीत आहे. क्लबांच्या विश्वचषकात देश नसतात, चेल्सी, फ्लमेंगो, अल हिलाल असे क्लब असतात. 2025 साली तो नव्या रूपात झाला. संघ 32, सामने 63, जवळपास महिनाभर आणि सगळे अमेरिकेत. युरोपला 12 जागा, दक्षिण अमेरिकेला 6, आशिया, आफ्रिका आणि उत्तर-मध्य अमेरिकेला प्रत्येकी 4, ओशनियाला 1 आणि यजमान देशाला 1. अंतिम सामन्यात चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 असं हरवलं. पुढची स्पर्धा 2029 साली. पण पहिली आटोपते न आटोपते तोच बातम्या येऊ लागल्या की रेयाल माद्रिदसह काही मोठ्या क्लबांना ती दर दोन वर्षांनी हवी आहे.

आपल्याकडे पंढरीची वारी दरवर्षी निघते आणि नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. गर्दी दोन्हीकडे लोटते. वारी दरवर्षी असते म्हणून तिचं मोल कमी होत नाही आणि बारा वर्षं थांबावं लागतं म्हणून सिंहस्थ कुणी विसरत नाही. फुटबॉलमध्येही तसंच आहे. युरोपातली चॅम्पियन्स लीग ही वारी, देशांचा विश्वचषक हा सिंहस्थ. क्लब विश्वचषकाची अडचण ही की आपण यांतलं कोण, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

क्लबांच्या स्पर्धा किती वर्षांनी घ्यायच्या, याबद्दल सुरुवातीपासूनच गोंधळ आहे. 1955 मध्ये युरोपात ‘इंटर-सिटीज फेअर्स कप’ सुरू झाला. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांचे संघ त्यात खेळायचे आणि सामने शक्यतो त्या जत्रांच्या काळात ठेवायचे, अशी कल्पना होती. परिणामी पहिली स्पर्धा 1955 ला सुरू झाली ती 1958 ला संपली. एका चषकासाठी तीन वर्षं! दुसरीला दोन लागली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षांत संघातले अर्धे खेळाडू बदलतात आणि लोकांना गेल्या फेरीत काय झालं तेही आठवत नाही. पुढे ही स्पर्धा वार्षिक झाली. त्याच 1955 मध्ये सुरू झालेला युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, मात्र पहिल्या दिवसापासून वार्षिक होता आणि टिकला.

युरोपचा विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा विजेता असा इंटरकॉन्टिनेंटल कप 1960 ला सुरू झाला. कागदावर वार्षिक. प्रत्यक्षात 1975 आणि 1978 साली तो झालाच नाही. 1969 ला ब्युनोस आयर्समध्ये एस्तुदियान्तेस आणि मिलान यांच्यात इतकी हाणामारी झाली की एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगाची हवा खावी लागली. 1971 आणि 1973 मध्ये युरोपचा विजेता आयाक्स होता आणि दोन्ही वेळा त्याने खेळायला नकार दिला. शेवटी 1980 च्या स्पर्धेपासून दोन सामन्यांऐवजी तोक्योत एकच सामना घ्यायचा ठरलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. फिफाने 2000 साली ब्राझीलमध्ये पहिला क्लब विश्वचषक घेतला. त्यासाठी मँचेस्टर युनायटेडने त्या मोसमात इंग्लंडच्या एफए कपमधून चक्क माघार घेतली, आणि तेही गतविजेता असताना. 2001 ची स्पर्धा रद्द झाली. 2005 ते 2023 अशी वार्षिक स्पर्धा झाली, पण ती छोटी होती. सहा-सात संघ, आणि युरोपचा विजेता थेट उपांत्य फेरीत येऊन दोन सामने खेळून घरी जायचा.

म्हणजे क्लब विश्वचषक वार्षिक असू शकतो, फक्त तो लहान असावा लागतो. फिफाने 2024 पासून इंटरकॉन्टिनेंटल कप हे जुनं नाव पुन्हा काढून तशी छोटी स्पर्धा दरवर्षी सुरूही ठेवली आहे. 2024 ला रेयाल माद्रिदने आणि 2025 ला पॅरिस सेंट-जर्मेनने ती जिंकली. थोडक्यात वारी चालूच आहे. वाद आहे तो 32 संघांच्या महिनाभराच्या जत्रेचा.

आता हिशेब मांडू. युरोपातला मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेअखेर संपतो. मधले जून-जुलै हीच काय ती खेळाडूंची उन्हाळ्याची सुट्टी. चार वर्षांत अशा सुट्ट्या येतात चार. 2026 ची देशांच्या विश्वचषकात गेली. 2028 ची युरो आणि कोपा अमेरिका या युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धांत जाणार. 2029 ची क्लब विश्वचषकात. युरोप किंवा दक्षिण अमेरिकेतल्या आघाडीच्या पुरुष खेळाडूला उरली एकच, 2027 ची. क्लब विश्वचषक दोन वर्षांनी केला तर तो 2029 नंतर 2031 ला येईल. 2031 म्हणजे 2027 नंतर बरोबर चार वर्षांनी येणारी तशीच मोकळी सुट्टी. ती गेली की खात्यावर शून्य. इथे कुणाचं मत वगैरे विचारायची गरज नाही, कॅलेंडर उघडून बोटं मोजली तरी पुरे.

एका मोसमाचं ओझं किती असतं? पॅरिस सेंट-जर्मेनने 2024-25 मध्ये फ्रेंच लीगचे 34, फ्रेंच कपचे 6, सुपर कपचा 1, चॅम्पियन्स लीगचे 17 आणि क्लब विश्वचषकाचे 7 असे 65 सामने खेळले. चेल्सीने 64. यात देशाकडून खेळलेले सामने धरलेलेच नाहीत. 13 जुलैला हे दोघे अंतिम सामना खेळले आणि 13 ऑगस्टला पॅरिसचा संघ इटलीतल्या उदिने इथे यूएफा सुपर कप खेळत होता. चेल्सीचा प्रीमियर लीगमधला पहिला सामना 17 ऑगस्टला. मधल्या महिन्यात सुट्टीही घ्यायची, सरावही सुरू करायचा आणि नव्या खेळाडूंशी ओळखही करून घ्यायची.

चॅम्पियन्स लीगचे 17 सामने ऐकून कुणाला नवल वाटेल. पूर्वी विजेत्याला 13 पुरायचे. 2024-25 पासून गट साखळी गेली, 36 संघांची एकत्र साखळी आली, प्रत्येकाला 6 ऐवजी 8 सामने आले आणि स्पर्धेतले एकूण सामने 125 वरून 189 वर गेले. म्हणून यूएफा, म्हणजे युरोपचा फुटबॉल महासंघ, जेव्हा खेळाडूंच्या थकव्याचं नाव घेऊन फिफावर टीका करते तेव्हा मला हसू येतं. दोघांचंही ताट तेच आहे, भांडण फक्त वाढप कोण करणार याचं आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये मँचेस्टर सिटीचा रॉड्री म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत. आठवड्याच्या आत आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटला. हा योगायोग लोकांनी खूप वापरला. पण एका गुडघ्यावरून सिद्धांत उभा राहत नाही. तसंच क्लब विश्वचषकात बायर्नच्या जमाल मुसियालाचा पाय मोडला तो गोलरक्षकाशी धडक होऊन. ताजातवाना असता तरी मोडला असता. थकव्याचा मुद्दा अशा नाट्यमय दुखापतींवर उभा करू नये. वर्षानुवर्षं सुट्टीच नसणं हे हळूहळू मुरणारं दुखणं आहे, त्याला एक तारीख नसते.

खेळाडूंच्या संघटना कोर्टात गेल्या आहेत त्याही नेमक्या याच मुद्द्यावर. इंग्लंड आणि फ्रान्सच्या संघटनांनी 2024 च्या जूनमध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या युरोप शाखेने युरोपातल्या लीगांसह युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं सोपं आहे: वेळापत्रक आम्हाला विचारून ठरवा. चार की दोन, हा प्रश्न त्यानंतरचा. क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या सुमारास फिफाने दोन मोसमांच्या मध्ये किमान 21 दिवस विश्रांती आणि दोन सामन्यांत किमान 72 तास हवेत, असं जाहीर केलं. ज्या बैठकीनंतर हे जाहीर झालं त्या बैठकीत फिफप्रो नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण ती फेटाळण्यासारखी नाही.

चार वर्षांचं अंतर देशांना शोभतं. देश तोच राहतो, तुम्ही जन्मभर त्याच संघाचे असता. क्लब म्हणजे मात्र दर जुलैत अर्धा नवा होणारा संघ. चेल्सीचंच बघा. 2025 च्या स्पर्धेत तो आला 2021 साली चॅम्पियन्स लीग जिंकल्याच्या जोरावर. मधल्या चार वर्षांत मालक बदलला, प्रशिक्षक अनेकदा बदलले. 2021 चा अंतिम सामना सुरुवातीपासून खेळलेल्या 11 जणांपैकी 2025 च्या अंतिम सामन्याला सुरुवातीच्या संघात होता एकटा रीस जेम्स. त्या 11 मधला थियागो सिल्वा तर 2025 च्या उपांत्य सामन्यात चेल्सीच्या विरुद्ध उभा होता, ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेचा कर्णधार म्हणून! आणि त्या सामन्यात चेल्सीचे दोन्ही गोल कुणी केले? जुआंव पेद्रोने, जो स्पर्धा सुरू झाली तेव्हा चेल्सीत नव्हताच. तो जुलैच्या सुरुवातीला ब्रायटनहून आला, आणि मुळात तो घडला फ्लुमिनेन्सेच्याच तालमीत. कुठल्या चेल्सीने काय मिळवलं आणि कुठल्या चेल्सीने त्याचं फळ खाल्लं, याचा मेळ लावायला बसलं तर डोकं गरगरतं.

दुसऱ्या टोकाला लिव्हरपूल आणि बार्सिलोना. 2025 मध्ये दोघेही आपापल्या देशाचे विजेते होते आणि दोघेही घरी होते. एका देशाचे साधारणपणे दोनच क्लब घ्यायचे, आणि चार वर्षांची कामगिरी बघायची, या नियमांत ते बसले नाहीत. त्या वर्षीचा इंग्लंडचा विजेता नसलेला, स्पेनचा विजेता नसलेला विश्वचषक. दोन वर्षांचं चक्र असतं तर शिळ्या कर्तृत्वावर कुणी आलं नसतं, हा मोठ्या क्लबांचा युक्तिवाद म्हणूनच खोटा नाही.

त्यांचं खरं कारण अर्थात वेगळं आहे. बक्षिसांची एकूण रक्कम होती 100 कोटी डॉलर. डॅझन या कंपनीने जगभरच्या प्रक्षेपणासाठी साधारण तेवढेच मोजले. युरोपच्या क्लबांना नुसत्या सहभागाचे, क्लबच्या वजनाप्रमाणे, 1.28 कोटी ते 3.8 कोटी डॉलर मिळाले. चेल्सी 11 कोटी डॉलरच्या वर घेऊन गेला. हे चार वर्षांत एकदा मिळण्यापेक्षा दोनदा मिळालेलं कुणाला नको असेल? आणि हा पैसा फक्त बड्यांना जात नाही. ऑकलंडला सहभागाचे 35.8 लाख डॉलर मिळाले, बोकाशी बरोबरीचे आणखी 10 लाख. हौशी क्लबसाठी ही रक्कम म्हणजे लॉटरी. पण याच लॉटरीची दुसरी बाजू अशी की ऑकलंड ज्या लीगमध्ये खेळतो तिथल्या बाकी क्लबांना हे पैसे मिळत नाहीत. एकदा मिळाले तर गंमत. दर दोन वर्षांनी त्याच क्लबला मिळू लागले, तर ती लीग कोण जिंकणार हे आधीच सांगता येईल.

शिवाय ‘चार वर्षांनी एकदा म्हणून लोक तुटून पडतील’ हेही आपोआप होत नाही. अंतिम सामन्याला 81 हजारांवर प्रेक्षक होते, हे खरं. पण ऑरलँडोत मामेलोडी सनडाउन्स विरुद्ध उल्सान हा सामना बघायला आले होते 3,412. फ्लुमिनेन्से-चेल्सी उपांत्य सामन्याचं तिकीट 473 डॉलरवरून घसरत 13 डॉलरवर आलं. उन्हाची तऱ्हा तर अशी की सिनसिनाटीत बोरुसिया डॉर्टमुंडच्या बदली खेळाडूंनी पूर्वार्ध ड्रेसिंग रूममध्ये बसून बघितला. शार्लटमधला चेल्सी-बेनफिका सामना विजांमुळे थांबला आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत साडेचार तासांवर चालला. मोठ्या जत्रेला जागा आणि ऋतूही लागतो, नुसतं वर्ष मोकळं असून भागत नाही.

दोनावरून चारावर जाण्याचे दाखले आहेत, आणि ते बोलके आहेत. फिफाचाच कॉन्फेडरेशन्स कप 1997 ते 2005 दर दोन वर्षांनी व्हायचा. क्लबांची कुरकुर वाढली, तो चार वर्षांनी झाला, 2017 नंतर बंदच पडला. आज क्लब विश्वचषक ज्या उन्हाळ्यात बसवलाय ती जागा त्याचीच. आफ्रिका चषक अनेक दशकं दोन वर्षांनी होत आला. 2025 च्या डिसेंबरमध्ये मोरोक्कोत आफ्रिकन महासंघाने जाहीर केलं की 2028 नंतर तो चार वर्षांनी होईल. त्यांच्या तिजोरीचा तो मोठा आधार होता, तरीही. आणि 2021 साली आर्सेन वेंगर यांनी फिफाच्या वतीने देशांचा विश्वचषकच दोन वर्षांनी घेण्याची कल्पना मांडली होती. युरोप आणि दक्षिण अमेरिका, दोघांनीही डोळे वटारल्यावर ती गुंडाळावी लागली.

आपल्याकडून बघताना हा सगळा वाद जरा चमत्कारिक वाटतो. तिथे अजीर्ण, इथे उपास. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला एफसी गोवा आशियाई स्पर्धेत रोनाल्डोच्या अल नासरशी खेळला. रोनाल्डो येणार म्हणून गोव्यात हवा तापली होती, तो आलाच नाही. गोवा 2-1 असा हरला, पण ब्रायसन फर्नांडिसच्या गोलनंतर स्टेडियम हललं. त्याच काळात देशात इंडियन सुपर लीगच सुरू नव्हती, व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्यामुळे तिचं घोडं अडलं होतं. रिकाम्या वेळापत्रकात सुपर कप बसवला गेला, आणि झालं असं की एफसी गोवाने एकाच वर्षात हा कप दोनदा जिंकला: मे 2025 मध्ये भुवनेश्वरला आणि डिसेंबर 2025 मध्ये घरच्या मैदानावर. क्लब स्पर्धा किती वर्षांनी असावी, या प्रश्नाला भारतीय फुटबॉलने ‘सात महिन्यांनी’ असं उत्तर देऊन टाकलं. मुंबईचा रोव्हर्स कप 1891 पासून चालू होता. तो या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला आणि त्याची जागा कुणी भरली नाही. इथल्या खेळाडूला थकव्याची नाही, सामन्यांची वाट बघण्याची सवय आहे.

तर माझं मत. स्पर्धा चार वर्षांनीच असावी, पण निवड चार वर्षांची नसावी. स्पर्धेच्या आधीच्या दोन मोसमांत जे जिंकले त्यांनी यावं. तेवढ्याने शिळेपणाची तक्रार बरीचशी मिटते आणि खेळाडूची एक सुट्टी वाचते. दरवर्षी जगज्जेता हवाच असेल तर डिसेंबरातला छोटा इंटरकॉन्टिनेंटल कप आहेच. मोठ्या क्लबांना हे पटणार नाही, कारण त्यात दुसरे 100 कोटी नाहीत.

आणि ज्या उन्हाळ्यांना मी वर ‘मोकळे’ म्हटलं, ते खरं तर मोकळे नाहीतच. 2027 च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये महिलांचा विश्वचषक आहे. त्यानंतरचा 2031 ला, मग 2035 ला. पुरुषांचा क्लब विश्वचषक दोन वर्षांनी केला तर एकाआड एक स्पर्धा नेमकी महिलांच्या विश्वचषकाच्या वर्षी येऊन पडेल, त्याच दोन महिन्यांत, त्याच वाहिन्यांवर, त्याच जाहिरातदारांकडे हात पसरून. वर मी चार सुट्ट्या मोजल्या तेव्हा तिथे ‘पुरुष खेळाडू’ असा शब्द घातला होता. दोन वर्षांचा आग्रह धरणारे तो शब्द घालायला विसरतात.